पहिली तारीख

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु पांढरपेशा घरांत ती तोंडाने म्हणावयाची आणि आचरणात उलटी आणावयाची, असाच परिपाठ दिसतो. आमचे घरही त्यास अपवाद नाही. आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून, बाबा सरकारी हिशेबखात्यात, दादा बँकेत आणि आम्ही मिहानमधील एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारे. महिन्याची पहिली तारीख हाच आमच्या घरातील खरा सण. म्हणून नोकरी सोडून स्वतंत्रपणे कंत्राटी कामे घेण्याचा विचार आम्ही बोलून दाखविला, तेव्हा जेवणाच्या पंक्तीत बराच वेळ कोणी भात मागितला नाही.

“कायमची नोकरी सोडतोस?” बाबांनी एवढेच विचारले.

ह्या ‘कायम’ शब्दाची गंमत आमच्या घरास ठाऊक असावयास हवी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि सचिवालयातील कित्येक कुटुंबांस भोपाळची वा मुंबईची वाट धरावी लागली. आजोबांची नोकरी कायम राहिली. गाव मात्र राहिले नाही. आमच्या धंद्यात तर २०२२ व २०२३ साली मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनी हजारो माणसांस एकेका पत्रानिशी निरोप दिला.

परंतु म्हणून नोकरी तुच्छ, असे आमचे म्हणणे नाही. वेतन म्हणजे केवळ हाती पडणारी रक्कम नव्हे. मूळ पगाराच्या १२ टक्के रक्कम मालक भविष्यनिर्वाह निधीत घालतो. पाच वर्षे भरली की सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन उपदान म्हणून मिळते. भरपगारी रजा असते, विमा असतो. स्वतंत्र माणसास आजारपणाचा दिवसही स्वतःच्या पदरचा. कराचे हप्ते वर्षातून चार वेळा आपण होऊन भरावयाचे. उलढाल २० लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावयाची. हे सारे बेरजेत न धरता पगाराच्या आकड्याशी बिलाचा आकडा ताडून पाहणारा मनुष्य स्वतःस फसवितो.

घरात हे नेमके ओळखले वहिनींनी. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या पगाराचे आम्ही निभावून नेऊ. पण मामंजींच्या औषधपाण्याचे काय?”

प्रश्न बिनतोड होता. बाबांच्या हृदयावर दोन वर्षांपूर्वी झालेल्या उपचारांचा खर्च आमच्या कंपनीच्या सामुदायिक विम्यातून निघाला होता. नवा विमा घ्यावा, तर आधीपासूनच्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. चौकशीअंती कळले की, सामुदायिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यात वेळेवर गेल्यास मागली वर्षे हिशेबात धरली जातात. ते काम पुरे होईपर्यंत, म्हणजे आणखी चार महिने, आम्ही राजीनामा खिशातच ठेविला. शिवाय घरखर्चाचा सहा महिन्यांचा आमचा वाटा आगाऊ आईच्या स्वाधीन केला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ह्या संदर्भात पुष्कळदा सांगितली जाते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर असे करीत १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. सांगणारे त्यांच्या धाडसावर भर देतात. परंतु सायकलींचा व्यापार नोकरीत असतानाच सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकीत, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. उडी मारणारा एक असला, तरी खाली जमीन धरून दुसरा उभा होता.

आमचे नवे जीवन बाहेरून पाहणारास चमत्कारिकच दिसे. सकाळी अकरा वाजता धडधाकट मनुष्य अंगणात झाडांस पाणी घालताना पाहून बाबांचे स्नेही आवाज खाली आणून चौकशी करीत. इतर माणसे कचेरीतून घरी येत, तेव्हा आमची कचेरी उघडे; कारण न्यूयॉर्कास सकाळचे दहा वाजतात, त्या वेळी नागपुरास उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. मे महिन्यात गिऱ्हाइकाशी बोलावयाचे म्हणजे आधी कूलर बंद करावयाचा, इतका त्याचा घरघराट! घामाने निथळत आम्ही ‘येथे सर्व ठीक आहे’ असे त्यास सांगत असू.

पहिल्याच वर्षी एका परदेशी गिऱ्हाइकाने पुरे झालेल्या कामाचे पैसे तीन महिने अडकवून ठेविले. आगाऊ दिलेला वाटा तोवर संपला होता. आम्ही घरात काही बोललो नाही, आणि आम्हांस कोणी विचारलेही नाही. पुढे पैसे आले, ते भरण्यास घरखर्चाची वही उघडली, तो त्या तिन्ही महिन्यांत आमच्या नावापुढे पुरती रक्कम मांडलेली! अक्षर वहिनींचे होते. दादांस विचारले, तर ते वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, “बँकेच्या माणसास उसने देण्याची सवयच असते.”

त्या दिवशी आम्हांस एक गोष्ट उमगली. ‘स्वतंत्र’ हा शब्द आमच्या बिलांवर शोभतो. घरात त्याचा फारसा उपयोग नाही. एकत्र कुटुंबाविषयी तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी कित्येक खऱ्याही आहेत. परंतु अनियमित मिळकतीच्या माणसास त्याच्याइतका भरवशाचा आधार आम्ही दुसरा पाहिला नाही. मात्र तो आधार गृहीत धरावयाचा नसतो. आता कामाचे तिसऱ्या हिश्श्याचे पैसे आम्ही आरंभीच मागून घेतो, आणि दर बिलातील ठरीव रक्कम वेगळी ठेवून पहिल्या तारखेस घरखर्चाचा वाटा आईच्या हाती देतो.

वाचकांच्या घरातही एखादा मुलगा वा सून असा विचार मनात घोळवीत असेल. त्यास ‘कायमची नोकरी का सोडतोस?’ असे विचारण्यापेक्षा आमच्या वहिनींनी विचारला तसला प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर त्याने शोधून आणले, तर त्यास खुशाल जाऊ द्यावे. आणि घरखर्चाच्या वहीत त्याच्या नावाची ओळ राखून ठेवावी.