स्टिअरिंगचा प्ले

आमच्या बोटीला सुकाणूच नाही, हे बाबांना पटायला दोन दिवस लागले. त्यांचं लहानपण हर्णै बंदरावर गेलेलं. बोट म्हटलं की मागे सुकाणू आणि ते धरून बसलेला तांडेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. ईडन प्रेरीतल्या आमच्या ड्राइव्हवेत ट्रेलरवर उभ्या असलेल्या जेट बोटीभोवती ते दोनदा फिरले, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाले, "पंखा कुठाय? आणि ही वळते कशी?"

पंखा आत असतो. बोटीच्या तळाला जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं आणि पंखा ते मागच्या नोझलमधून जोरात बाहेर फेकतो. वळायचं म्हणजे ते नोझल डावीउजवीकडे फिरवायचं. ही बोट रूढ केली न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी, १९५० च्या दशकात. तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत बाहेर लोंबणारा पंखा टिकत नसे. पुढे १९६० साली त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. हे ऐकल्यावर बाबांचा बोटीबद्दलचा आदर जरा वाढला.

पण या रचनेत एक गोम आहे. पाण्याचा झोत हेच सुकाणू असल्यामुळे थ्रॉटल सोडला की सुकाणूही गेलं. चाक कितीही फिरवा, बोट आपल्या वेगाने सरळ पुढे घसरत राहते. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो, थ्रॉटल सोडतो. मग झोत चालू असताना तरी बोटीने सांगितलेलं लगेच ऐकायला हवं. गेल्या जुलैत आमची बोट ते ऐकेनाशी झाली. चाक चांगलं चार बोटं फिरवलं तरी काही नाही, आणि मग एकदम वळायची.

रायली लेक हा तलाव अर्धा आमच्या ईडन प्रेरीत, अर्धा शेजारच्या चॅनहॅसनमध्ये. जेमतेम ३०० एकरांचा. रविवारी त्यात बोटी, कयाक, पोहणारी मुलं, फुगवलेल्या ट्यूबवर किंचाळणारी मुलं, सगळं एकाच वेळी. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने नुकतंच बोट चालवायचं परमिट काढलं होतं आणि पुढच्या आठवड्यात तिची मावसभावंडं शिकागोहून येणार होती. ती चालवणार, मागे ट्यूबवर भावंडं. चार बोटांचा प्ले मला चालणार नव्हता.

जवळच्या एका वर्कशॉपला फोन केला. बोट न बघताच उत्तर आलं, अख्खी केबल बदला, नंबर तीन आठवड्यांनी लागेल. मिनेसोटात एप्रिलमध्ये बर्फ वितळतो आणि ऑक्टोबरात बोट गुंडाळून ठेवायची असते. त्यात तीन आठवडे म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको.

बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इकडे आल्यापासून रोज सकाळी चालायला जाणं, मग भाजी निवडणं आणि दुपारी मराठी बातम्या, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. फोनवरचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं. "प्ले कुठे आहे ते बघितलं का कुणी?" एवढंच विचारलं.

पाहणी अशी झाली. आधी किल्ली काढून खिशात, बॅटरीची एक वायर सोडलेली. नोझलमध्ये हात घालायचा तर ही गोष्ट गमतीवर न्यायची नाही. नवरा चाकापाशी. तो चाक अगदी हळू डावीउजवीकडे हलवणार आणि मी मागे नोझल बघणार. नोझलला केबल एका बॉल जॉइंटने जोडलेली असते. मला वाटलं, झीज तिथेच असणार. मी जॉइंट हाताने हलवून पाहिला, तो घट्ट होता. बाबा मात्र इंजिनाचं झाकण उघडून आत टॉर्च मारत बसले होते. "इनर बघू नकोस, आऊटर बघ," ते म्हणाले.

ज्यांनी घरी चेतक वापरली आहे त्यांना हे पटकन कळेल. केबल म्हणजे आतली तार, ती इनर, आणि तिच्यावरची नळी, ते आऊटर. स्कूटरची तार फक्त ओढू शकते, म्हणून गिअरला दोन केबली, एक इकडे ओढायला आणि दुसरी तिकडे. बोटीची स्टिअरिंग केबल जाड असते आणि एकटीच ओढतेही, ढकलतेही. पण त्यासाठी आऊटर दोन्ही टोकांना आवळलेलं हवं. ते सैल असलं की चाक फिरवल्यावर आधी नळीच सरकते आणि तिची सरक संपल्यावर तार हलते. आमचं तेच झालं होतं. मागच्या भिंतीजवळच्या पट्टीवरचा नट थरथरून मागे आला होता आणि प्रत्येक वळणाला आऊटर अर्धा इंच पुढेमागे होत होतं.

नट आवळायला दोन मिनिटं लागली. खरा वेळ गेला नोझल मध्यावर आणण्यात. आऊटर जागेवर बसल्यावर चाक सरळ असताना नोझल किंचित डावीकडे झुकलेलं दिसलं. मग बॉल जॉइंट सोडवला, लॉकनट ढिला केला, जॉइंट आट्यांवर एक पूर्ण फेरा फिरवला, परत लावून बघितला, पुन्हा अर्धा फेरा. दोन्ही टोकांपर्यंत चाक फिरवून नोझल दोन्हीकडे सारखंच वळतं का, ते टेपने मोजलं. आटे पुरेसे आत आहेत ना, हे बाबांनी तीनदा बघितलं. शेवटी लॉकनट आवळला आणि जॉइंटला पाण्यातलं ग्रीस लावलं.

वर्कशॉपवाले अगदी चूक होते असं मात्र नाही. चाक जड लागत असेल, नळी चिरून आत पाणी शिरलं असेल किंवा तार गंजली असेल तर केबल बदलायचीच, तिथे जुगाड करायचा नाही. आमची केबल धड होती, म्हणून वाचली.

मंगळवारी सकाळी तलाव रिकामा असताना बोट पाण्यात घातली. प्ले गेला होता. मग लेकीने एक जुनं लाइफ जॅकेट पाण्यावर टाकलं आणि हळू वेगाने त्याच्या दिशेने आली. पहिल्यांदा मुद्दाम थ्रॉटल सोडून चाक फिरवलं. बोट सरळ जॅकेटवरून गेली. दुसऱ्यांदा थ्रॉटल थोडा धरून फिरवलं, आणि बोट बाजूने निघाली. तिने हे दहा-बारा वेळा केलं. पहिल्या तीन वेळा तिचा हात आपोआप थ्रॉटल सोडत होता, ते मला दिसत होतं. बाबा शेजारी बसून नुसते मोजत होते, एक शब्द बोलले नाहीत. परत निघताना बोटीचं बूच काढूनच रस्त्यावर यायचं असा इथला कायदा आहे. एका तलावाचं पाणी आणि त्यातले शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. हे बूच प्रकरण मात्र हर्णैच्या माणसाला शेवटपर्यंत हास्यास्पद वाटलं.

भारतात परतण्याआधी त्यांनी लेकीकडून लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि आवळलेल्या नटावरून पट्टीपर्यंत एक रेष ओढली. नट फिरला तर रेष तुटलेली दिसेल. वर्कशॉपमध्ये हे रंगाने करायचे म्हणे.

या मे महिन्यात ताडपत्री काढली तेव्हा झाकण उघडून टॉर्च मारला. रेष केसभर सरकली होती. लेकीने पाना आणला, नट आवळला, जुनी रेष खरवडली आणि नवी ओढली. या वेळी जांभळी, कारण लाल संपलं होतं.