पहिल्या धारेची, बारा वर्षांची

कर्जत, चैत्र

ती. दादास,


व्हिस्की बारा वर्षांची घ्यावी की अठरा, हा तुझा प्रश्न कर्जतच्या उन्हात जरा गमतीचा वाटतो. स्कॉच किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात राहते आणि थंड हवेत सावकाश मुरते. स्कॉटलंडात दरसाल सुमारे २ टक्के माल हवेत उडतो; त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरच्या ‘अमृत’ व्हिस्कीचे देवदूत फार तहानलेले, ते १० टक्क्यांच्या पुढेच नेतात. हिशेब करून बघ. १२ वर्षांनी तिकडच्या पिंपात तीन चतुर्थांशाहून जास्त उरते, इकडे फार तर पाव आणि वर थोडी. शिवाय उष्म्याने लाकूडही दारूत भराभर उतरते. म्हणून तर ‘अमृत’ २००४ साली ग्लासगोच्या बाजारात गेली ती बाटलीवर वर्षांचा आकडा न घालता. वय हे थंड मुलखातले माप आहे. वैशाखातले विरजण आणि पौषातले विरजण एकाच घड्याळावर कोण लावतो?

तू म्हणशील, आकडाच नसेल तर खरेखोटे ओळखायचे कसे? आकड्याच्या आधी ती कशापासून केली ते वाच. आपल्याकडची बरीचशी स्वस्त ‘व्हिस्की’ उसाच्या मळीच्या स्पिरिटवर उभी असते. युरोपात तिला ते नाव लावता येत नाही, कारण तिथे धान्यच लागते. मग लाकूड बघ. बर्बनला निम्म्याहून जास्त मका आणि आतून जाळलेले कोरे पिंप, म्हणून ती व्हॅनिलासारखी गोडसर. आयरिश पॉट स्टिलमध्ये मोड न आणलेली बार्लीही पडते, त्याने ती दाट आणि किंचित तिखट लागते. पहिला घोट नुसता घे, दुसऱ्यात पाण्याचे चार थेंब टाक. धान्य हरवून नुसते लाकूडच जिभेवर राहिले, तर ती बाटली अठरा वर्षांची असली तरी मागे ठेव.

खालापूर

कालचा वयाचा मुद्दा मोहाच्या दारूवर घासून बघण्यासारखा आहे. मोहाची व्हिस्की नव्हेच, हे कबूल. ती फुलांची, धान्याची नाही, आणि तिला पिंप माहीत नाही. फिकट, मांसल फूल पहाटे गळते, वाळून मनुकेसारखे होते, आणि वास येतो तो त्याचाच. ती मुरवत नाहीत म्हणून हलकी, असे म्हणणाऱ्यांनी १८९२ चा कायदा आठवावा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकारने अबकारी उत्पन्नापायी मोहफुले गोळा करण्यावर, बाळगण्यावर निर्बंध घातले. ज्याला फूल घरात ठेवायचीच चोरी, तो इथला कातकरी आदिवासी दारू बारा वर्षे ठेवणार कुठे? मुरवायला गोदाम लागते, भांडवल लागते आणि पाठीशी कायदा लागतो. बाटलीवरच्या आकड्यात हेही धरलेले असते.

याचा अर्थ हातभट्टीची भलामण नव्हे. ‘पहिल्या धारेची’ हे आपल्याकडे कौतुक. व्हिस्कीवाला मात्र पहिली धार बाजूला काढतो, कारण उग्र, चटकन उडणारी द्रव्ये तिच्यातच असतात. पिंपात जाते ती मधली. चोरून गाळलेल्या बाटलीत कोणती धार आली, वर काय मिसळले, हे विकणाराही सांगू शकत नाही. तेव्हा इथून मोहाची बाटली येणार नाही. अठरा वर्षांच्या एका स्कॉचच्या पैशात गोव्याची ‘पॉल जॉन’ आणि एक आयरिश अशा दोन घे, आणि सोडा नको, साध्या पाण्याचा तांब्या जवळ ठेव.

वहिनींना नमस्कार.