सहावी कुपी

वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने सुचविले होते. त्या लिहिणारे पुष्कळ आहेत. येथे शिकून मी परिचारिका झाले आणि २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत एका कोविड कक्षात रात्रपाळी केली. मला त्याविषयी लिहावेसे वाटते. त्या दिवसांत मला फोन करणाऱ्यांत आपल्याच शाळेतील माजी विद्यार्थी व पालक अधिक असत आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असे, "ताई, रेमडेसिविर कुठे मिळेल?"

गंभीर रुग्णाचा मृत्यू या इंजेक्शनाने टळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतील चाचणीत दिसले नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्येच संघटनेने रुग्णालयातील रुग्णांसाठी ते न वापरण्याची शिफारस केली होती. तरीही औषध दुकानांपुढील रांगा हटत नव्हत्या. एका तरुणाने आईच्या पाटल्या गहाण टाकून वडिलांसाठी पाच कुप्या मिळविल्या. सहावी मिळण्यापूर्वीच वडील गेले. तो मला म्हणाला, "सिस्टर, सहावी वेळेत मिळाली असती तर?" काही फरक पडला नसता, असे मी सांगितले. त्याला ते पटले नाही. पटावे तरी कसे? तसे मानले, तर पाटल्या व्यर्थ गेल्या असे म्हणावे लागले असते.

त्याचे वडील आले तेव्हा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ७२ होते. आठ दिवस ताप अंगावर काढला होता. घरात ऑक्सिमीटर असता आणि आकडा ९४च्या खाली उतरताच त्यांना आणले असते, तर आम्हांला काही करता आले असते. जे करता येत होते ते साधेच होते : प्राणवायू, रुग्णाला तासन्‌तास पालथे झोपविणे आणि डेक्सामेथासोन. हे औषध चहाच्या कपाइतके स्वस्त. ऑक्सफर्डच्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू या औषधाने सुमारे एक-तृतीयांशाने घटले होते. त्यासाठी मात्र कोणी रांग लावली नाही. स्वस्त औषधावर आपला विश्वास बसत नाही, हा आपला जुनाच आजार.

तेही जपून द्यायचे औषध. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना त्याचा लाभ दिसला नव्हता. तापाच्या पहिल्याच दिवशी स्टेरॉइड घेऊन आलेले, रक्तातील साखर बेसुमार वाढलेले रुग्ण आम्ही पाहिले. त्यांतल्या काहींना पुढे काळी बुरशी झाली. एकाचा डोळा काढावा लागला.

प्रतिबंधाची कथा याहून छोटी आहे. हा विषाणू बंद खोलीतील हवेत रेंगाळतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, गर्दीत मुखपट्टी हवी. आणि लस हवी. ती संसर्ग दरवेळी थांबवीत नाही, पण आजार जिवावर बेतू देत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली, तेव्हा त्या तरुणाचा फोन आला. या वेळी कोणते इंजेक्शन आधीच घेऊन ठेवू, असे त्याने विचारले. मी आईच्या लसीविषयी विचारले. सुईच्या भीतीने तिने एकही मात्रा घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो तिला मोटारसायकलवर बसवून लसीकरण केंद्रावर घेऊन आला. तिच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या.