दरमहा एक कथा: एका कथाकार मित्रास पत्र

कथाकार मित्रवर्यांस,



दर महिन्याच्या पंधरा तारखेस एकमेकांना एक नवी कथा धाडायची आणि पुढच्या पंधरवड्यात तिच्यावर लेखी अभिप्राय कळवायचा, हा आपला प्रस्ताव मान्य आहे. मात्र अशा देवाणघेवाणीतून कथेला काय मिळू शकते आणि काय मिळू नये, याचा निवाडा आधीच झालेला बरा. त्यासाठी अंतोन चेखव आणि मक्सीम गोर्की या रशियन कथाकारांच्या पत्रव्यवहाराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडते.

१८९८ साली गोर्कीच्या कथांचे दोन खंड प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते चेखवच्या हाती पोहोचले. क्षयाने ग्रासलेला चेखव तेव्हा क्रिमियातील याल्ता येथे राहत होता. वयाने तो गोर्कीहून आठच वर्षांनी वडील असला, तरी त्याची लेखणी ‘ओस्कोल्की’ या विनोदी साप्ताहिकात, सुमारे शंभर ओळींच्या मर्यादेत, वर्षानुवर्षे तासली गेली होती आणि त्यामुळे काय गाळावे हे त्याला अंगवळणी पडले होते.

गोर्कीच्या प्रतिभेविषयी चेखवने शंका ठेवली नाही, तसा दोष दाखवताना आडपडदाही ठेवला नाही. पहिला आक्षेप संयमाच्या अभावाचा होता: नाटक चालू असताना एखादा प्रेक्षक इतक्या मोठ्याने वाहवा करतो की, संवाद ना त्याला ऐकू येतात ना शेजाऱ्याला, तशी गोर्कीची निसर्गवर्णने पात्रांच्या बोलण्यात मध्येच घुसतात, असे त्याचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप चेतनगुणोक्तीचा, म्हणजे अचेतन वस्तूस सचेतनाचे गुण चिकटवणाऱ्या अलंकाराचा. समुद्र सारखा श्वास घेऊ लागला आणि आकाश टक लावून पाहू लागले की वर्णन एकसुरी होते. तिसरा विशेषणांचा. मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासणीसाठी येणारी पाने, वाचताना जमेल तेथे विशेषणे आणि क्रियाविशेषणे खोडावीत, असा सल्ला त्याने १८९९ मधील एका पत्रात दिला.

हा सल्ला मराठीतही पडताळून पाहता येतो. “म्हातारी ओट्यावर बसली” एवढे वाचताच चित्र उभे राहते. पण “सुरकुतलेल्या चेहऱ्याची, विटक्या हिरव्या नऊवारीतली, थकलेली म्हातारी नुकत्याच सारवलेल्या ओलसर ओट्यावर हळूच, कण्हत, इकडेतिकडे बघत बसली” असे लिहिले की वाचक नऊवारीपाशीच घुटमळतो आणि म्हातारी बसेपर्यंत त्याचे लक्ष उडालेले असते. अर्धी मात्रा वाचली तरी संस्कृत वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे सांगतात. कथाकाराने एवढा सोहळा करू नये, पण खोडलेल्या विशेषणाचे सुतकही पाळू नये.

या पत्रव्यवहारात शिकवणी मात्र एकतर्फी नव्हती. गोर्कीने ‘फोमा गोर्देयेव’ ही कादंबरी चेखवला अर्पण केली, तरी चेखवसारखे लिहिणे पत्करले नाही. उलट ‘द लेडी विथ द डॉग’ या इंग्रजी नावाने परिचित असलेली चेखवची कथा वाचून त्याने १९०० च्या आरंभी कळवले की, चेखवने वास्तववादाचा जीवच घेतला आहे, कारण इतक्या साध्या गोष्टींविषयी इतके साधे लिहिणे त्याच्यानंतर कोणालाच साधणार नाही. ही स्तुतीच आहे, पण ‘कथा आवडली’ या स्तुतीहून वेगळ्या जातीची. कथेने काय घडवून आणले, हे तिच्यात सांगितलेले आहे. १९०२ साली गोर्कीची रशियाच्या विज्ञान अकादमीवरील निवड रद्द झाली तेव्हा चेखवने तिथल्या आपल्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला, यावरून दोषदिग्दर्शनाने स्नेह आटला नव्हता, हेही दिसते.

मराठीत कथाकारांशी पत्रांतून असा संवाद ‘सत्यकथा’ मासिकाच्या संपादकांनी, विशेषतः श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी केला. परंतु स्वीकार आणि नकार संपादकाच्या हाती असल्याने लेखक त्याच्यासमोर थोडा अवघडतोच. सहलेखकाच्या हाती तसे काही नसते आणि त्याच्या मताचे बळ नेमके यातच आहे. धोका दुसराच आहे: दोघेही हळूहळू एकमेकांसाठीच लिहू लागतात आणि तिसरा वाचक कथेबाहेर राहतो.

म्हणून दोन अटी सुचवाव्याशा वाटतात. वाचन कोठे अडखळले ते पान आणि ओळ देऊन कळवावे, आणि दुसऱ्याची कथा स्वतःच्या शैलीत लिहून दाखवू नये. ‘छान जमली आहे’ हा अभिप्राय ग्राह्य धरला जाणार नाही.

सोबत पहिली कथा जोडली आहे, पाने अकरा. तिसऱ्या पानावरील पावसाच्या वर्णनातली चार विशेषणे पत्रलेखकाने स्वतःच खोडली आहेत. पाचव्या विशेषणापाशी हात धजावला नाही, तेवढे काम आपण करावे.