ट्रफाल्गारचे नियम, खांदेरीचे पाणी

टेबलावर आरमारे लढवणाऱ्यांमध्ये शिडांच्या काळासाठी एक खेळ पायाभूत मानला जातो : १९७४ साली आलेला ‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’. षट्कोनी घरांचा पट, वाऱ्याची दिशा आणि प्रत्येक जहाजाचा एक तक्ता. तक्त्यात सांगाडा, शिडे, तोफा, माणसे यांच्या चौकटी. मार बसेल तशा त्या खोडायच्या. चाली दोघांनी गुपचूप लिहायच्या आणि एकदम उघडायच्या. १८०५ च्या ट्रफाल्गारला हे सारे चपखल बसते. मी गेली काही वर्षे हेच नियम सव्वाशे वर्षे मागे, खांदेरीवर आणतो आहे.

लढाई १८ ऑक्टोबर १६७९ ची. थळसमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याकरवी तट बांधायला घेतला होता आणि मुंबईच्या तोंडावर किल्ला नको म्हणून इंग्रज अडवायला आले होते. त्यांच्याकडे ‘रिव्हेंज’ हे फ्रिगेट, दोन गुराबा आणि पाच लहान शिबाडे-मचवे. मराठी आरमाराचा सरदार दौलतखान याच्याकडे पन्नासच्या आसपास गलबते.

काळ बदलायचा म्हणजे तक्त्यातले आकडे बदलायचे, तोफा कमी आणि माणसे जास्त, असा बऱ्याच जणांचा समज असतो. आकडे तासाभरात बदलता येतात. अडचण असते ती नियमांच्या पोटातल्या गृहीतकांची.

पहिले गृहीतक वाऱ्याचे. मूळ खेळात वारा फाशावर फिरतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की पहाटे जमिनीवरून मतलई वारा, मग तो पडतो, आणि दुपारी खारे वारे सुटतात. म्हणून माझ्या पटावर वारा घड्याळावर चालतो. तो पडला की फ्रिगेट जागच्या जागी खिळते आणि गलबते वल्ह्यांवर येतात. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, वेग ताशी चार मैल, असे इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने लिहून ठेवले आहे. पण हा वेग दिवसभर फुकट दिला तर गलबतवाला हरणारच नाही. म्हणून सलग जोर लावला की थकव्याची खूण मिळते. तीन खुणा झाल्या की वेग निम्मा.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे मी खरा रमतो. इंग्रज तेव्हा जुनी दिनदर्शिका वापरत. आजच्या हिशेबाने ती तारीख २८ ऑक्टोबर. चंद्राचे गणित केले तर वद्य अष्टमीच्या आसपासचा दिवस येतो, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आलेली! आता कोळीवाड्यातला हिशेब लावा : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. हल्ला उजाडायच्या आधी झाला. तेव्हा डोक्यावर अर्धा चंद्र होता आणि पाणी भरत आले होते. भरती भांगाची, त्यामुळे फार मोठी नाही. तरी माझ्या पटावर सकाळपासून ओहोटी लागते आणि किनाऱ्यालगतची घरे ‘रिव्हेंज’ला एकेक करून बंद होत जातात. ट्रफाल्गारच्या खेळात या नियमाची गरज कुणाला पडणार?

तोफांचे थोडक्यात सांगतो. युरोपी जहाज कुशीवरून मारते, गलबत नाळेवरून. ऑर्मच्या वर्णनात गलबते पुढून मारा करत इतक्या वेगाने आली, की इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. त्यामुळे माऱ्याचा कोन बदलावा लागतो. आणि पन्नास गलबतांच्या चाली स्वतंत्र लिहीत बसलो तर खेळ दुसऱ्या दिवशी संपेल. म्हणून पाच-पाचांचे जथे, जथ्याला एक हुकूम. धुरात प्रत्येक तांडेलाला वेगळा हुकूम देणे दौलतखानाला तरी कुठे शक्य होते?

खेळायला येणारी पोरे गलबतांना शौर्याचे दोन गुण जास्त मागतात. मी देत नाही, कारण त्या दिवशी घडले ते असे : ‘डव्ह’ ही गुराब अर्ध्या तासात मराठ्यांच्या हाती लागली, बाकीच्या इंग्रजी नावा पांगल्या आणि ‘रिव्हेंज’ एकटे उरले. मिंचिन आणि केग्विन या कप्तानांनी चढाया परतवल्या, पाच गलबते बुडवली आणि उरलेल्यांना नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत पिटाळले. मूळ खेळाच्या गुणपद्धतीने हा इंग्रजांचा स्वच्छ विजय.

पण खांदेरीची रसद काही तुटली नाही. लहान होड्या रात्री वल्ही मारत बेटाला लागत आणि तट चढत राहिला. म्हणून मी जहाजे मोजणे सोडले. माझ्या नियमांत दर रात्री किती होड्या बेटाला लागल्या ते मोजतात आणि तेवढा तट वर जातो. तट ठरल्या उंचीला पोहोचला की मराठे जिंकले, मग गलबते कितीही बुडोत. जुना काळ नव्या पटावर आणताना सगळ्यात आधी विजयाची अट बदलावी, वारा आणि तोफा मागाहून, असे माझे ठाम मत आहे.

जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी अखेर आपले आरमार परत बोलावले. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.