वाडीतलं वळण आणि गाडीचा व्हीलबेस

पिकअप घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो ते हौद्याचं. आठ फुटी घेऊ, नऊ फुटी घेऊ, की सरळ दहा? मग टन, मग अ‍ॅव्हरेज, मग हप्ता. पुढच्या आणि मागच्या चाकात अंतर किती, हे क्वचितच कुणी विचारतं. मी कोकणात पिकअप चालवतो. आंब्याच्या दिवसांत बागेतून क्रेट भरून वाशी मार्केट, एरवी चिरे, सिमेंट, खत, मांडवाचं सामान. आमच्या भागात गाडी कुठवर जाईल आणि कुठे अडेल, हे हौद्याच्या फुटांपेक्षा त्या अंतरावर ठरतं.

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे व्हीलबेस. गाडीची लांबी वेगळी. पुढच्या चाकापुढे नाक असतं, मागच्या चाकामागे शेपूट असतं, ती दोन्ही धरून लांबी होते. २००५ साली आलेल्या टाटा एसचा, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचा, व्हीलबेस २१०० मिलिमीटर आणि लांबी ३८००. बोलेरो पिकअपचा व्हीलबेस तीन मीटरच्या आसपास, लांब हौद्याच्या मॉडेलला सव्वातीनपर्यंत. टोयोटाची हायलक्स ३०८५ मिलिमीटर व्हीलबेसची आणि ५३२५ लांबीची, पण तिच्या चार दारांच्या केबिनने बरीच जागा घेतल्यावर हौद्याला दीड मीटरभरच उरते. बोलेरो आणि हायलक्स यांचा व्हीलबेस जवळपास एक, पण एकीने तो मालाला दिलाय, दुसरीने माणसांना. वळताना मात्र दोघींनाही तो सारखाच मोजावा लागतो.

का, ते सांगतो. मागची चाकं वळत नाहीत, ती सरळ तोंड करूनच चालतात. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू नेहमी मागच्या अ‍ॅक्सलच्या रेषेत, बाजूला कुठेतरी असतो. पुढची दोन चाकंसुद्धा सारखी वळवून चालत नाही, आतलं जास्त वळावं लागतं, बाहेरचं कमी. ही जोडणी जर्मन कारागीर लांकेनस्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी काढली आणि रुडॉल्फ आकरमन यांनी १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून नाव आकरमन यांचं लागलं. चाक वळायलाही मर्यादा असते. तेवढ्याच वळलेल्या चाकावर पुढचं-मागचं अंतर जितकं जास्त, तितका गोल मोठा. छोटा हत्ती ४.३ मीटर त्रिज्येत फिरतो, म्हणजे साडेआठ मीटरच्या जरा वर रुंदी मिळाली की एका दमात उलटा. हायलक्सला ६.४ मीटर त्रिज्या लागते, म्हणजे जवळजवळ तेरा मीटर मोकळं मैदान. वाडीत तेवढं मैदान देवळासमोरच सापडतं.

पण यू-टर्नचा अडथळा मी फार मोठा मानत नाही. एका दमात नाही वळली तर मागेपुढे करून वळते. खरी कसोटी असते मागच्या आतल्या चाकाची.

पहिला पाऊस पडून गेल्यावर बागेतल्या ओल्या लाल मातीत गाडी वळवा आणि उतरून माग बघा. सरळ जाताना पुढच्या-मागच्या चाकांचा माग एकावर एक पडतो. वळण सुरू झालं की मागच्या चाकाचा माग आतल्या बाजूला सरकू लागतो आणि वळणभर आतच राहतो. यालाच आम्ही ‘मागचं चाक कापतं’ म्हणतो. किती कापतं याचा साधा हिशेब आहे. पुढचं चाक साडेसहा मीटर त्रिज्येच्या गोलात फिरत असेल, तर २.१ मीटर व्हीलबेसला त्याच बाजूचं मागचं चाक साधारण ३५ सेंटिमीटर आत येतं, ३ मीटरला ७३ सेंटिमीटर. व्हीलबेस दीडपटसुद्धा वाढला नाही आणि कापणं दुपटीच्या वर गेलं. कारण ते अंतराच्या वर्गाच्या हिशेबात वाढतं. चार-सहा इंच जास्त घेतल्याने काय बिघडतं, असं म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आमच्याकडच्या वाटेला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे. वाट तीन मीटर असली तरी पुष्कळ म्हणायची. वळणावर गडग्याचा कोपरा पुढे आलेला, त्यात एखादा चिरा बाहेर निघालेला. नवा ड्रायव्हर पुढचं चाक सुटलं की सुटलो असं समजतो आणि मागे हौद्याची पट्टी चिऱ्याला घासते. वळणाआधीच बाहेरच्या गडग्याला गाडी चिकटवायची, कोपरा आपल्या पाठीमागे जाईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, मग एकदम पूर्ण कट द्यायचा आणि नजर वळणाच्या आतल्या बाजूच्या आरशात ठेवायची. टायर आणि चिरा यांच्यात वीतभर फट दिसली पाहिजे. फट मिटायला लागली तर थांबायचं. पुढे रेटून ती परत उघडत नाही.

फारच अडचण असेल तर मी बागेत रिव्हर्सने शिरतो. बघणाऱ्याला ते उलटं वाटतं, पण न वळणारी चाकं आधी कोपऱ्याला लावून घेतली की वळणारं नाक मागून फिरवता येतं. त्या वेळी नाक बाहेरच्या अंगाला झोकतं, तेवढी जागा मात्र बघून ठेवावी लागते.

एवढं ऐकून आखूड गाडीच बरी, असं कुणी समजू नये. आंबा भरून रात्री हायवेला लागलं की लांब व्हीलबेसची किंमत कळते. खड्ड्यात पुढचं चाक गेलं तरी अख्खी गाडी डोलत नाही, क्रेट आपटत नाहीत, घाट उतरताना ती ओळ धरून राहते. पिकलेल्या मालाला हे फार मोलाचं आहे. शिवाय वजन दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये पडतं. आखूड गाडीचा हौदा मागे वाढवून क्रेट लावले, तर वजन मागच्या चाकाच्याही पाठीमागे जातं, नाक हलकं होतं आणि चढावर स्टेअरिंग हातात पोकळ लागतं. वळताना ते शेपूट उलट्या बाजूला झोकतं ते वेगळंच. शेपूट व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा लांब असू नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे. तो माणसाच्या जिवासाठी आहे. फाळक्याबाहेर फळी टाकून दोन ओळी जास्त रचणाऱ्यांना मी तोंडावर सांगत आलोय, दोन फेऱ्या करा.

माझं मत विचाराल तर ज्याचा माल बाजारपेठेतून बाजारपेठेत जातो त्याने खुशाल लांब गाडी घ्यावी. ज्याला बागेत, वाडीत, पेठेच्या बोळात शिरायचं आहे त्याने हौद्याचा एक फूट सोडावा, पण व्हीलबेस आखूड घ्यावा. शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचं सगळ्यात अरुंद वळण टेप लावून मोजा. जमलं तर त्याच मॉडेलची कुणाची तरी गाडी मागून त्या वळणातून एकदा, भरलेली, नेऊन बघा. जुनी गाडी घेत असाल तर तिच्या आरसी बुकात व्हीलबेस मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, तो आधी वाचा.