बार्शी लाईट आणि टॉवर ब्रिज

परिषद संपल्यावर जे सुरू होतं, त्यालाच खरी परिषद म्हणतात! लंडनची परिषद आमच्या सौभाग्यवतींची. मी आपला बँकेतून रजा काढून पिशव्या धरायला. उरलेल्या दोन दिवसांत तिने ग्रीनिच, विंडसर वगैरे आखलेलं. मी मात्र टॉवर ब्रिजपाशी अडून बसलो.

कारण सांगतो. १८९७ साली कुर्डूवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांवर गाडी आणली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेबाने. याच गृहस्थाने पुढे ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट काढलं. १९१७ साली ऑर्ड-लीज नावाच्या अधिकाऱ्याने ते बांधून या पुलावरून थेम्समध्ये उडी घेतली आणि सुखरूप बाहेर आला. चालत्या बार्शी लाईटमधून खुशाल उतरणारी आमची माणसं पाहूनच साहेबाला ते सुचलं असावं!

पण हसू इथंच थांबतं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ वैमानिकांना ते पॅराशूट शेवटपर्यंत मिळालं नाही. विमान पेटलं तरी आत बसून राहायचं. बार्शीच्या शेतकऱ्याला चालत्या गाडीतून उतरायची जी मुभा होती, ती साहेबाच्या घरच्या पोरांना नव्हती.